रक्ताचा कर्करोग आणि पॅलिएटिव्ह केअर : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराच्या उपचारांच्या जोडीने दुखणे, भीती आणि इतर त्रास कमी करणारी सेवा, निदानापासूनच मिळाली पाहिजे, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत. आपल्या थोरल्या बंधूंवर मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी उपचार चालू आहेत, आणि तो लेख वाचून एका नातेवाइकाने ‘त्यांना पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना दाखवा’ असे सुचवल्यावर घरात सगळ्यांचा धीर सुटला, हे वाचून मला फार वाईट वाटले. आपले आक्षेप तीन आहेत. ज्या आजारातून माणसे बरी होतात त्यात ही सेवा सुचवणे म्हणजे रुग्णाला उपचार सोडायला सांगणे; मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक देऊन रुग्णाला नुसते झोपवून ठेवतात; आणि रक्ताच्या रुग्णाची खरी गरज रक्त व प्लेटलेटची असते, ती या केंद्रांत मिळतच नाही. या क्षेत्रात काम करणारी डॉक्टर म्हणून मला तिन्हींना उत्तर द्यायचे आहे, आणि तिसरा आक्षेप मला जवळजवळ पूर्णपणे मान्य आहे.

पहिल्या आक्षेपामागची भीती निराधार नाही. आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या कानावर पॅलिएटिव्ह केअर हे नाव पहिल्यांदा पडते ते ‘आता आमच्या हातात काही राहिलेले नाही’ या वाक्याच्या पाठोपाठ. इतिहासही तसाच आहे. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे शुश्रूषागृह) सुरू केले, किंवा १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उभे राहिले, तेव्हा समोर होते ते ज्यांच्यावरचे उपचार संपले होते असे रुग्ण. मधल्या काळात रक्ताच्या कर्करोगाचे चित्र पालटले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे बहुतेक रुग्ण २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिबच्या गोळीवर वर्षानुवर्षे कामधंदा करत जगतात, लहान मुलांमधील लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया चांगले उपचार मिळाल्यास बहुतेक मुलांत बरा होतो, आणि मुंबईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलच्या साथीने विकसित केलेल्या कार-टी पेशींच्या (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगाशी लढवण्याच्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यताही मिळाली. ‘मग हे कशाला?’ हा आपला प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

त्याचे उत्तर बरे होण्याच्या वाटेवरच मिळते. अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या पहिल्या केमोमध्ये सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन देण्याची पद्धत कित्येक वर्षे चालत आली आहे. त्यानंतर रक्तातल्या पेशींची संख्या पुन्हा वर येईपर्यंत तीन-चार आठवडे रुग्ण वॉर्डात असतो. या काळात तोंडापासून घशापर्यंत इतके सोलवटलेले असते की थुंकी गिळणे जड जाते. ताप, जुलाब, झोपेचा अभाव आणि रोज सकाळी रिपोर्टमध्ये काय येईल याची धास्ती असते. हा रुग्ण पुढे पूर्ण बरा होऊ शकतो, पण आज त्याला घोटभर पाणी पिता येत नाही आणि तो दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, याकडे लक्ष देणारे कोणी हवे की नको? रक्तविकारतज्ज्ञांचे लक्ष पेशींवर असते, आणि ते तसेच असायला हवे. दुखणे, मळमळ, भीती आणि निद्रानाश यांवर तितक्याच बारकाईने काम करणारा दुसरा माणूस त्याच वॉर्डात असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे केवळ माझे मत नाही. बॉस्टनमधील मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी दाखल झालेल्या १६० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आणि परिचारिका नियमित भेटत होत्या. दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे त्रास सर्वाधिक असतो तेव्हा, या गटातल्या रुग्णांची अवस्था कमी ढासळली होती, आणि नैराश्यातला फरक तर काही महिन्यांनीही दिसत होता. या रुग्णांपैकी कोणीही उपचार सोडले नव्हते; सगळे प्रत्यारोपण करून घेत होते. २०२१ मध्ये तिथल्याच संशोधकांनी चार रुग्णालयांतील अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांवर असाच अभ्यास केला, आणि त्याचाही निष्कर्ष त्याच दिशेचा होता.

‘निदान शेवटच्या टप्प्यापर्यंत तरी थांबा,’ असे आपण लिहिले आहे. माझा आपल्याशी खरा मतभेद इथेच आहे. पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात बहुधा उतार दिसतो. वजन घटते, हिंडणेफिरणे कमी होते, आणि घरच्यांना आतून कळत जाते. ल्युकेमियात असे घडतेच असे नाही. सोमवारी स्वतःच्या पायांनी डे-केअरला आलेल्या रुग्णाला जंतुसंसर्ग होतो आणि गुरुवारी तो व्हेंटिलेटरवर असतो. कधी तो त्यातूनही उठून बसतो, कधी नाही. पुढचे औषध, पुढची केमो, नवा डोनर, अशी काही ना काही शक्यता जवळजवळ शेवटपर्यंत शिल्लक असते, आणि ती सोडा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु शेवटचा टप्पा आधी ओळखूच येणार नसेल, तर तोवर थांबायचे ठरवणाऱ्या कुटुंबाला आमची भेट होते ती अतिदक्षता विभागाच्या दारात. त्या वेळी रुग्ण बोलू शकत नाही, आणि त्याला काय हवे होते हे कोणीच विचारलेले नसते.

मॉर्फिनविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मायलोमात हा प्रश्न आपल्या घरापर्यंत येऊ शकतो. या आजारात हाडे आतून पोखरली जातात आणि मणके दबतात. अशा वेळी आपल्याकडे दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा तत्सम दुखण्याची गोळी आणून घेण्याची सवय आहे, आणि मायलोमाच्या रुग्णाला तीच घातक ठरते, कारण या आजारात मूत्रपिंडे आधीच धोक्यात असतात. लोक ज्या औषधाला भितात ते योग्य मात्रेत सुरक्षित असते आणि ज्याला भीत नाहीत ते मूत्रपिंड बंद पाडू शकते, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, कमी मात्रेपासून सुरू करून दुखण्याच्या प्रमाणात वाढवतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मग बहुतेकांची ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून पोट साफ ठेवणारे औषध पहिल्याच दिवसापासून जोडीला द्यावे लागते. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात आणि रुग्ण खरोखरच झोपून राहतो किंवा भ्रमात जातो. मॉर्फिनने झोपून राहिलेला रुग्ण आपण पाहिला असेल, तर तो कदाचित अशांपैकी असेल. तेव्हा फेंटानिलच्या पट्टीसारखे दुसरे औषध निवडायचे असते, आणि ही निवड करता येणे हेच आमचे शिक्षण आहे. एका जागी दुखणाऱ्या हाडाला रेडिएशनची एकच मात्राही पुष्कळदा मोठा आराम देते.

या भीतीला कायद्यानेही खतपाणी घातले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जाचाला कंटाळून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरताच शिकल्या. केरळमधील कालिकतमध्ये १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली पॅलिएटिव्ह केअरची चळवळ आणि २०१४ ची कायदादुरुस्ती यांमुळे वाट मोकळी झाली. तरीही तालुक्याच्या गावी ही गोळी मिळणे आजही अवघड आहे, याचा मला संताप येतो.

आता रक्त आणि प्लेटलेट. आपण लिहिलेत ते खरे आहे. प्लेटलेट साठवणीत जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही ठरावीक तापमानात सतत हलत्या ठेवून. घरी येणाऱ्या परिचारिकेला त्या पिशवीतून आणता येत नाहीत, आणि बहुतेक हॉस्पिसमध्ये रक्त चढवण्याची सोय नसते. ज्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा रक्त लागते, त्याला ‘रक्त हवे असेल तर रुग्णालय, आराम हवा असेल तर हॉस्पिस’ असा पर्याय देणे हा अन्याय आहे. गडचिरोलीच्या रुग्णाने एका पिशवीसाठी नागपूर गाठायचे, हा तर छळच. जिल्हा रुग्णालयांत रक्तपेढीच्या शेजारी चार खाटांचा डे-केअर कक्ष असावा, आणि पॅलिएटिव्ह केअरच्या रुग्णाला तिथे अर्ध्या दिवसात रक्त घेऊन घरी जाता यावे, ही मागणी आपण आणि मी मिळून करू शकतो. तोपर्यंत जे करता येते ते असे : उपचार आरामासाठी असतील तेव्हा हिमोग्लोबिनच्या आकड्यापेक्षा धाप आणि थकवा पाहून रक्त द्यायचे, हिरड्यांतून रक्त झिरपत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गुळण्या करायच्या, आणि मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता असेल तर घरच्यांना आधीच विश्वासात घेऊन औषध व गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायचे, म्हणजे लालभडक डाग पाहून रुग्ण घाबरत नाही.

आपल्या बंधूंसाठी पुढच्या भेटीत रक्तविकारतज्ज्ञांना एवढे विचारा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) किती आहे आणि त्यानुसार दुखण्यावर कोणते औषध चालेल? हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड देणार असतील तर त्याआधी दात दाखवून घ्यायचे का? बोर्टेझोमिब हे मायलोमाचे औषध चालू असेल आणि पायांना मुंग्या किंवा जळजळ होत असेल, तर ती सहन न करता लगेच सांगायला बंधूंना सांगा, कारण मात्रा वेळेत कमी केली तर ती वाढत नाही. केमोच्या दिवसांत ताप आल्यास पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. तापमान मोजा आणि रुग्णालयाला कळवा. पायांतली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दबत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच रात्री तातडीच्या विभागात न्या. आणि त्याच रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी असेल, तर केमो चालू असतानाच तिथे एकदा फाईल दाखवा. आपले रक्तविकारतज्ज्ञ बदलत नाहीत आणि एकही औषध बंद होत नाही, हे बंधूंना आधी सांगून मगच न्या.