‘सोंपलें’ म्हणणाऱ्याच्या दारी जाऊ नये

चार दिवसांसाठी गोव्यात हरमलला येणारे नातेवाईक राहण्याची सोय स्वतः करतात. जेवावे कुठे, हे मात्र ते मला विचारतात, कारण मी पेडणे तालुक्यातला आहे आणि माझ्या पोटाचा घेर पाहता या विषयात माझा अभ्यास असणार, असा त्यांचा समज आहे. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून अशा नातेवाइकांची संख्या वाढली, आणि मी सुचवलेल्या ठिकाणी जेवून आल्यावर माझ्याशी बोलणे टाकलेल्यांचीही वाढली. म्हणून आता मी सल्ल्याची दिशा बदलली आहे. आपणही येणार असाल तर तो नीट वाचून घ्यावा.

मुख्य नियम असा की, जिथे पदार्थ संपतात तिथे पाऊल टाकू नये. बाजाराच्या मागच्या अंगाला अशा एकदोन खाणावळी आहेत, त्या दुरूनच ओळखाव्यात. तिथे मेनूकार्ड नसते, दिव्यांच्या माळा नसतात, भिंतीवर देवाची तसबीर आणि एक कॅलेंडर असते. दुपारी बारा वाजता बसचे चालक-वाहक, पंचायतीतले कारकून आणि गवंडी आत शिरतात आणि आपण समुद्रस्नान, आंघोळ व छायाचित्रण आटोपून सव्वादोनला पोहोचता, तेव्हा मालकीण फडक्याला हात पुसत ‘नुस्तें सोंपलें’, म्हणजे मासळी संपली, एवढेच सांगते. तिच्या चेहऱ्यावर खेदाची रेषाही नसते. सकाळी जेवढी मासळी आली तेवढी शिजवली, तेवढी लोकांनी खाल्ली, यात तिला काहीच गैर वाटत नाही. व्यवसायाची अशी अनास्था असणाऱ्या बाईच्या हातचे आपण का खावे?

चुकून लवकर पोहोचलात, तर पुढे येणारे ताट पाहून अधिकच निराशा होईल. मधोमध उकड्या तांदळाचा जाड, तांबूस शिताचा भात. त्यावर बांगड्याचे हुमण, म्हणजे माशाची आमटी, ज्यात तेफळाचे दोनचार टपोरे दाणे तरंगत असतात आणि नवखा माणूस नेमका तेच चावतो. कडेला सुक्या गालम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, किसमूर, खोबऱ्यातल्या तिसऱ्या, रव्यात घोळून तळलेली मुडदुशी, आणि वाटीत भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांची कढी, जिचा गुलाबी रंग इतका फिका असतो की छायाचित्रात तो उमटत नाही. मुडदुशीला काटे असतात. ती बोटांनीच खावी लागते आणि त्या वेळी मोबाईल हाताळता येत नाही. सोमवारी तर हद्द होते. त्या दिवशी मालकीण ‘आज शिवराक’ असे सांगून भाजी-आमटी वाढते आणि बांगडा मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे, त्याने देवळात पायताण घालून प्रवेश केला असावा, अशा नजरेने पाहते.

याउलट, समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावरची सोळा पानी मेनूकार्डाची उपाहारगृहे पाहावीत. तिथे हम्मस, शकशुका, मोमो, पिझ्झा, पनीर टिक्का आणि सिझलर एकाच छपराखाली नांदतात, आणि मोरजी-मांद्र्याच्या बाजूला गेलात तर तीच यादी रशियन लिपीतही वाचायला मिळते. एवढ्या देशांचा स्वयंपाक दोन शेगड्यांवर कसा होतो, असा क्षुद्र प्रश्न मनात आणू नये. तिथला खरा आचारी म्हणजे डीप फ्रीजर. तो कधी आजारी पडत नाही, चवथीला घरी जात नाही आणि ‘सोंपलें’ हा शब्द त्याला ठाऊक नाही.

या आचाऱ्याचे कसब पाहायचे असेल तर पावसाळ्यात यावे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झोपडीवजा उपाहारगृहे, हीही त्या सुमारास मोडून ठेवलेली असतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण ‘आजची ताजी सुरमई’ मागावी. ती मिळेल. खाणावळीत मात्र त्या दिवसांत सुका बांगडा भाजून वाढतात आणि तसे सांगतातही. गिऱ्हाइकाच्या भावनांची एवढीही कदर नाही. त्याच न्यायाने डिसेंबरात हुर्राक मागावा. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक निघतो तो मार्च ते मेच्या आसपास, पण हे कारण पुढे करणारा माणूस आळशी समजावा.

मोठा मासा निवडताना दिवस मावळू द्यावा. पाहुण्यांच्या आग्रहाखातर मी स्वतः एकदा एका शॅकमध्ये तामसो, म्हणजे तांबडा मोठा मासा, निवडला होता. परातीत बर्फावर मांडलेला तो मासा मेणबत्तीच्या उजेडात राजबिंडा दिसत होता. मी सवयीने कल्ला उचलून रंग पाहू लागलो, तेव्हा वेटरने अत्यंत सौजन्याने हातातल्या मोबाईलचा दिवा विझवला. मेनूवर दराच्या जागी ‘आकारानुसार’ असे छापले होते. आकार कोणाचा, माशाचा की गिऱ्हाइकाच्या गाडीचा, हे बिल आल्यावर कळले. मासा तोंडात घातल्यावर भिजलेल्या कापसासारखा लागला. पाहुणे मात्र खूष होते, कारण लाटा अगदी पायाशी येत होत्या.

मांसाहारात विंदालू मागवावा आणि त्यात बटाटा आहे याची खात्री करून घ्यावी. हे नाव ‘वाइन आणि लसूण’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले, गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आले आणि ‘आलू’शी त्याचा काडीचा संबंध नाही, असे सांगणारे स्थानिक भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये. आपल्याकडे हिंदी येते, त्यांच्याकडे फक्त आजी होती.

न्याहारी हॉटेलच्या बुफेतच करावी. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो, त्याच्या टोपलीतली कोंड्याची गरम पोई घेऊन चहाच्या हॉटेलात पातळ भाजीबरोबर खाणे, शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकच मराठी दैनिक पाने वाटून वाचणे, हे सुटीवर आलेल्यांना शोभत नाही. शिवाय नऊनंतर तिथली भाजीही संपते. संध्याकाळच्या गाड्यावरचे रस ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर शाकुतीचा रस्सा आणि चिरलेला कांदा, याविषयी मी लिहिणार नाही, कारण ते उभ्याने खावे लागते आणि शर्टावर सांडते.

इतके सांगूनही एखाद्याला त्या खाणावळीचा पत्ता हवाच असेल, तर त्याने मला फोन करावा. मात्र बारा ते दीड या वेळात करू नये. त्या वेळी माझे हात हुमणाने बरबटलेले असतात, बाकडी सहाच आहेत, आणि गेल्या गुरुवारी एक पुणेकर कुटुंब कसे कोण जाणे वेळेवर येऊन पोहोचले, तेव्हा शेवटची मुडदुशी माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या ताटात गेली.