गौरीसाठी चालते ती गोळी मुलीसाठी का चालत नाही?

गौरी-गणपती तोंडावर आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घराघरांत येतात. तपासणी नाही, चिठ्ठी नाही, मेडिकलवाल्याला सांगितलं की झालं. बहुतेकदा ती नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे हार्मोनच. लग्न, मुंज, सत्यनारायण, कशालाही चालते. तेच औषध डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या मुलीचा रक्तस्राव आटोक्यात आणायला लिहून दिलं की मात्र घर हादरतं. "हार्मोन? एवढ्याशा पोरीला?"

मी शिक्षिका आहे. हे जवळून बघते आणि जीव तुटतो.

माझ्या वर्गात नववीतली एक मुलगी आहे. पाळीत तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागतं. एकावर एक दोन पॅड, कमरेला स्वेटर, आणि मधल्या सुट्टीपर्यंत बाकावरून उठायचं नाही. जिना चढताना धाप लागते. आठ-दहा दिवस हेच. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोबत हार्मोनच्या. लोहाच्या सुरू झाल्या. हार्मोनचं पाकीट आईने कपाटात टाकलं आणि बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे वाढवले. इकडून भरायचं आणि तिकडून वाहून जायचं, मग रक्त वाढणार कसं? मुलीला काय हवंय, हे तर कुणी विचारलंच नाही.

आई बेफिकीर मुळीच नाही. पुढे मूलबाळ झालं नाही तर? वजन वाढलं तर? मग आवाज खाली करून म्हणाली, "गर्भनिरोधक गोळ्या खाते असं नातेवाइकांत कळलं तर?" माझ्या मते खरी अडचण हीच आहे. वर सासूबाईंचं होतंच, "आम्हालाही असंच जायचं, लग्नानंतर नीट होतं."

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि बीजाशय यांचा मेळ नीट बसलेला नसतो. दर महिन्याला बीज बाहेर पडत नाही, त्यामुळे अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग कधीही, कितीही जातं. गोळी ही उणीव भरून काढते. ती बंद केल्यावर बीजाशयाचं काम पुन्हा सुरू होतं, तिने वांझपण येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यामागे आहाराचा भाग मोठा आहे, पण पाळीत किती जातं हे आपण मुलींना विचारतो तरी का?

धोके नाहीत असं मी म्हणत नाही. काही हार्मोनच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोनही असतं; अशा गोळ्यांनी शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. घरात कुणाला असं झालं असेल, किंवा मुलीला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर ते आधी सांगायलाच हवं. डॉक्टरांनीही दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देऊ नये. गोळी कशासाठी, किती महिने, कधी थांबवायची, हे मुलीला समोर बसवून सांगावं.

आणि हार्मोन नकोच असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ट्रानेक्सॅमिक ॲसिड ही बिनहार्मोनची गोळी आहे, पाळीच्या दिवसांपुरतीच घ्यायची असते. मुलीचा घोळणा वारंवार फुटत असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नसेल, तर तेही आठवणीने सांगा. काही मुलींत रक्त गोठण्याचाच जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्यांदा पाळीतच लक्षात येतो.