गोळी, पथ्य आणि मधला वेळ

निसर्गोपचाराचा विषय निघाला की लोक दोन टोकं गाठतात. एकाला ते सगळं थोतांड वाटतं, दुसऱ्याला गोळ्या म्हणजे विष वाटतात. चयापचयाच्या बिघाडाबाबत तरी मला दोन्ही पटत नाही.

हा बिघाड ओळखायला पाच गोष्टी बघतात: पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल). साखर १००, रक्तदाब १३०/८५, ट्रायग्लिसराइड्स १५० या रेषा आहेत. पाचांपैकी तीन गोष्टी बिघडल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यातलं काहीही दुखत नाही, हीच मोठी अडचण. रिपोर्टात प्रत्येक आकडा ‘थोडासाच’ वाढलेला असतो आणि थोडासाच म्हणून फाईल कपाटात जाते. मुळाशी मात्र बहुतेकदा एकच कारण असतं: शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही.

अशा वेळी जीवनशैली बदलून खरंच फरक पडतो का? पडतो, आणि चांगलाच पडतो. अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची तीन हजारांहून जास्त माणसं त्यात होती. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं.

हे आकडे बरेच जण सांगतात. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. जीवनशैली बदलणाऱ्या गटातल्या लोकांच्या हातात नुसता सल्ल्याचा कागद दिला नव्हता. प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता आणि पहिल्या २४ आठवड्यांत समोर बसवून १६ धडे शिकवले होते. म्हणजे कुणीतरी वेळ दिला होता!

माझ्या मते निसर्गोपचाराची खरी ताकद इथेच आहे. गर्दीच्या दवाखान्यात ‘वजन कमी करा, मीठ कमी खा’ यापुढे बोलायला फुरसत नसते. चांगला निसर्गोपचारक मात्र झोपता किती वाजता, रात्रीचं जेवण किती उशिरा होतं, दिवसातून किती तास बसून असता, हे खोदून खोदून विचारतो. हे प्रश्न किरकोळ नाहीत. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं कामाचं. आणि झोप! काही रात्री जेमतेम चार-चार तास झोपवलं तर धडधाकट तरुणांच्या शरीरालाही साखर हाताळणं जड जातं, हे प्रयोगात दिसलंय. आहाराइतकंच झोपेबद्दल बोललं जावं असं मला मनापासून वाटतं.

‘डिटॉक्स’वर मात्र माझा विश्वास नाही. रक्त गाळून साफ करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, रसांचे ग्लास त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. फळांचा रस काढला की चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. साखर वाढलेल्या माणसाला दिवसभर रसावर ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

याहून गंभीर गोष्ट उपवासाची. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना लंघन केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. वजन उतरलं की औषधाचा डोस कमी होऊ शकतो, कधी औषध थांबूही शकतं. पण ते डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवायचं. तुमच्या गोळ्यांची यादी न बघता उपवास सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. डॉक्टर आणि निसर्गोपचारक दोघांनाही एकमेकांबद्दल सांगा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, पुन्हा करून घ्या. उपचार लागू पडतोय की नाही, हे त्या आकड्यात दिसेल.