मोदकाचा व्यायाम

सेवानिवृत्तीनंतर माणसाने वेळ कसा घालवावा, याविषयी मला अनेकांनी सल्ले दिले होते. परंतु अजगराकडून व्यायाम करून घ्यावा, असे कोणीही सुचवलेले नव्हते. तो योग ओहायो राज्यातील कोलंबस शहरी, लेकीच्या घरी, आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलो असता आला.

नातीने पाळलेला हा अजगर बॉल पायथन जातीचा होता. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आलेली ही जात अजगरांच्या खानदानातली बुटकी शाखा समजावी. लांबी साधारण चार फूट, विष नाही, आणि भीती वाटली की डोके मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करायचा, एवढेच काय ते शस्त्र. नातीने त्याला प्रथम पाहिले तेव्हा तो असाच गोळा होऊन बसला होता आणि दिवस गणपतीचे होते, म्हणून त्याचे नाव मोदक पडले. सौ.नी फोनवर हे नाव ऐकून आधी त्याचे कौतुक केले होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र वन खात्याचे लोक कधी येतात, एवढेच विचारले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरात ठेवता येत नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते आणि तिथला कायदा वेगळा आहे, ही गोष्ट तिला मान्य नव्हती. शिवाय दिवेलागणीनंतर ती त्याचा उल्लेख ‘लांबडं’ असाच करी, आणि मोदक नेमका दिवेलागणीनंतरच जागा होई.

आम्ही पोहोचल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्याची वैद्यकीय तपासणी होती. उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारून आम्ही त्याला दवाखान्यात नेले. वजन भरले दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी त्याला हातावर पसरून आम्हाला समजावले, की निरोगी बॉल पायथनचे अंग आडवे पाहिले तर गोलसर त्रिकोणी दिसावे, पाठीचा कणा बोटाला लागावा. मोदकाचे अंग मात्र सगळीकडून सारखेच गोल झाले होते, वळताना त्याला वळ्या पडत होत्या आणि खवल्यांच्या मधली कातडी उघडी दिसत होती. सापाची चरबी पोटात लांबच लांब साठते, असे त्या म्हणाल्या तेव्हा मी नकळत माझे पोट आत घेतले.

दोष अर्थात प्रेमाचा होता. पूर्ण वाढलेल्या अजगराला दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवण पुरते. मोदकाला दर शनिवारी एक गुबगुबीत उंदीर मिळत होता. बाईंनी उंदीर लहान केला, अंतर वाढवले, पेटीत चढायला फांद्या ठेवायला सांगितल्या आणि आठवड्यातून चार वेळा, जेवणानंतरचे दोन दिवस सोडून, वीस मिनिटे त्याला बाहेर काढून हालचाल करवावी, असे सांगितले. “घरात कोणाला वेळ असतो?” या त्यांच्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही, लेक, जावई आणि नात यांनी फक्त माझ्याकडे पाहिले.

पुण्यात सापांचे धाडस मी दुरून पाहिलेले आहे. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि त्या विक्रमाची चर्चा आमच्या कट्ट्यावर कित्येक दिवस चालली होती. परंतु त्या ७२ तासांत त्यांना एकाही सापाकडून व्यायाम करवून घ्यायचा नव्हता, हा मुद्दा आता माझ्या लक्षात येतो.

पहिली अडचण तात्त्विक होती. अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये अजगराला मानाचे स्थान दिले ते कशासाठी? तर जे आपोआप समोर येईल त्यावर समाधान मानायचे, आणि काहीच आले नाही तर स्वस्थ पडून राहायचे, या गुणासाठी. बॉल पायथनची तर शिकारीची पद्धतच अशी, की दबा धरून बसावे आणि भक्ष्याने स्वतःच्या पायांनी चालत यावे. अशा सिद्धपुरुषाला, ज्याला स्वतःच्या पुण्यातील डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटे चालायला सांगितले असून जो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन परत येतो, अशा माणसाने कसरतीचा उपदेश करावा, यात औचित्य नव्हते.

तरीही रात्री साडेआठला, मराठी मालिकेच्या ऐन रंगात, आमचा वर्ग भरू लागला. मोदकाला गालिच्यावर ठेवले की तो तत्काळ मोदक होई. नात म्हणे, “आबा, तू घाई करतोस. त्याला आधी जिभेनं सगळं वाचू दे.” मग मी गुडघ्यांवर बसून त्याचे वाचन संपण्याची वाट पाही. दहा मिनिटांनी गोळ्यातून नाक बाहेर येई, दुभंगलेली जीभ गालिच्याच्या धाग्यांवरून फिरे आणि माझ्या पायमोज्यापाशी येऊन थांबे. तेवढ्यात मला शिंक आली तर वर्ग पुन्हा पहिल्या धड्यापासून.

नंतर आम्ही रहाटगाडगे पद्धत शोधली. एक हात पुढे धरायचा, त्यावरून तो पुढे सरकला की मागचा हात काढून पुन्हा पुढे आणायचा, म्हणजे तो जागच्या जागी प्रवास करतो. त्याचे पोट मनगटावरून सरकताना आतल्या बरगड्यांची एक संथ लाट जाणवते. थंडगार, कोरड्या, दोन किलोंच्या त्या लाटेला तोलताना तिसऱ्या मिनिटाला माझे दंड भरून येत. तो दमला की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण सापाला पापण्या नसल्यामुळे त्याची मुद्रा कायम सारखीच ताजीतवानी असते.

मी टबात पोहायला सोडण्याची सूचना करून पाहिली, पण जबरदस्तीचे पोहणे हा व्यायाम नसून धास्ती आहे, असे बाईंनी फोनवरच बजावले. मग वासाचा माग काढून पाहिला. गोठवलेला उंदीर गरम पाण्यात सैल करून, चिमट्यात धरून जमिनीवरून ओढत न्यायचा; तो चिमटा स्वयंपाकाचा नाही, याची सौ.नी तीनदा खात्री करून घेतली. (तो उंदीर फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाच्या शेजारच्या कप्प्यात होता, हे मी तिला आजतागायत सांगितलेले नाही.) मोदक तीन फूट त्या वासामागे गेला, ओठांवरच्या खाचांनी समोर कोणतीही ऊब नसल्याची खात्री करून घेतली आणि फसवणुकीच्या निषेधार्थ गोळा झाला.

आणि एके रात्री, मी मालिकेकडे केवळ अर्धे मिनिट पाहिले असता, तो नाहीसा झाला.

पहिला संशय कलत्या खुर्चीवर होता. अशा खुर्चीच्या पोटात साप शिरतो आणि कोणी पाय ताणले की तो सांध्यात चेमटतो, असे नातीने रडत सांगितल्यामुळे दोन तास घरातले कोणीही बसले नाही. शेवटी मार्ग काढला तो सौ.नी. तिने तांदळाची पिठी काढली आणि प्रत्येक दाराशी, रांगोळीच्या सरावलेल्या चिमटीने, पातळ पट्टे घातले. “लांबडं कुठून का जाईना, खूण उमटेल,” असे म्हणून ती पलंगावर पाय वर घेऊन बसली.

पहाटे तीनला खूण उमटली. आम्ही नागमोडी रेघेच्या अपेक्षेत होतो. प्रत्यक्षात पिठीवर पोते ओढत नेल्यासारखा सरळ, रुंद पट्टा होता. जड अंगाचे साप पोटाच्या खवल्यांवर असेच नाकासमोर सरकतात, हे नातीने नंतर सांगितले. पट्टा स्वयंपाकघराच्या दारातून सरळ फ्रीजखाली जात होता. मागच्या बाजूला, मोटरच्या उबेपाशी, महाराज पूर्ण मोदक होऊन स्थिरावले होते. दिवाणखान्यापासून फ्रीजपर्यंतचे अंतर जावयाने मोजले: अडतीस फूट. माझ्या एका महिन्याच्या शिकवणीत त्याने एवढे अंतर कधीच कापले नव्हते.

सहा आठवड्यांनी पुन्हा अभ्र्यात घालून दवाखाना. दोन किलो पंच्याण्णव ग्रॅम; म्हणजे घट पंचेचाळीस ग्रॅमची. मला ती नगण्य वाटली, पण बाई खूश झाल्या. वजन एकदम उतरले तर यकृतावर ताण येतो, हळूहळूच उतरावे, असे त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी लेकीच्या वजनकाट्यावर मी उभा राहिलो, तर माझे सव्वातीन किलो उतरले होते. उठबशा, गुडघ्यांवर चालणे, सोफ्याखाली आडवे होऊन टॉर्च धरणे आणि दोन किलोंचे रहाटगाडगे, हे सर्व कोणाच्या खात्यावर जमा होत होते, याचा तेव्हा उलगडा झाला.

पुण्यास परतल्यावर नेहमीच्या तपासणीला गेलो. साखर आटोक्यात होती. स्वागतकक्षातल्या मुलीने अर्ज भरताना विचारले, “काका, व्यायाम काय करता?”

“अजगर,” मी म्हणालो.

तिने मान वर न करता लिहिले, ‘भुजंगासन’.