सात मिनिटांचं विमान

रिमोटच्या विमानाला लोक खेळणं म्हणतात. खेळण्याला सोवळं-ओवळं नसतं, याला असतं. कशाआधी काय, कशाला हात लावायचा नाही, काय रात्रभर तसंच ठेवायचं नाही, सगळं ठरलेलं. आणि एवढं पाळून फळ किती? सात मिनिटं. हिशेब करून बघा. सव्वा मीटर पंखांचं, किलोभर वजनाचं फोमचं शिकाऊ विमान. त्यात तीन सेलची, २२०० एमएएच साठवणीची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. तिच्यातलं ८० टक्केच वापरायचं, म्हणजे १७६०. मोटर सरासरी १२ अँपिअर ओढते, असं धरलं की पावणेनऊ मिनिटं येतात. उतरताना एखादी फेरी चुकली तर पुन्हा वर जायला काही शिल्लक हवी, म्हणून टायमर सातवर. बाकीचा शनिवार-रविवार जमिनीवर.

ही लायपो म्हणजे अधिक महिन्यातला जावई. उपाशी ठेवलं तर रुसणार, जास्त वाढलं तर पेटणार. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो, त्याच्या वर तसूभरही नाही. साडेतीनच्या खाली उतरवायचा नाही, तीनच्या खाली गेला की त्याची तब्येत कायमची बिघडते. आठवडाभर नुसती पडून राहायची असेल तर ३.८ वर ठेवायची, म्हणजे अख्खी बॅटरी ११.४ व्होल्ट. शनिवारी रात्री काठोकाठ भरावी आणि रविवारी नेमका वारा सुटावा, तर ती तशीच कपाटात टाकायची नाही. चार्जरला लावून पुन्हा ३.८ वर आणायची. आळस केला की हळूहळू तिला पोट सुटतं. पोट सुटलेली बॅटरी उडवायची नाही, भरायची तर मुळीच नाही. चार्जिंग २.२ अँपिअरला, सगळे सेल सारखे भरणारी पांढरी बॅलन्सची पिन लावून, फरशीवर, आणि समोर बसून. सोफ्यावर, गादीवर, किंवा ‘भाजी घेऊन येतो तोवर होईल’ या बोलीवर कधीच नाही. मे महिन्यात काचा लावलेल्या गाडीतही तिला सोडायचं नाही.

मैदानावर पोचलं की गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचा तोल. विमान बॅटरीसकट पूर्ण जोडून, पंखाखाली दोन बोटं लावून उचलायचं. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल तर बोटं पुढच्या कडेपासून ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपटी झुकली तर बॅटरी पुढे सरकवा, आणि तोपर्यंत कोणी कितीही ‘उडव की रे’ म्हटलं तरी ऐकू नका. नाकजड विमान म्हशीसारखं उडतं, पण घरी येतं. शेपूटजड विमान हातातून सुटल्यावर कोणाचंच नसतं. यातली खोच अशी, की शेपटीकडे दुरुस्ती करताना १० ग्रॅम गोंद जास्त झाला तर तो तोलायला नाकात २५-३० ग्रॅम घालावे लागतात, कारण शेपटीचा दांडा लांब. म्हणून बऱ्याच जुन्या विमानांच्या नाकात सुट्टे पैसे सापडतात.

मग क्रम. आधी हातातला ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, चालू, थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी स्टिक) तळाला, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर उलटं: आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद. उलटापालट झाली की विमानातला रिसीव्हर मालकाविना जागा होतो, आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय, नीट लावलेलं नसेल तर मोटर स्वतःच्या मर्जीने निघते. म्हणून घरीच, मोटरवरचा पंखा काढून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून बघायचं की थ्रॉटल शून्यावर येतं का. ‘पंखा काढून’ हे दोनदा वाचा. दहा इंची पंखा मिनिटाला आठ हजार फेऱ्या मारतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे जातो. प्लास्टिकचा दिसतो म्हणून लोक त्याच्या समोर उभं राहून विमानाचे फोटो काढतात! पात्याला नखाएवढी चीर पडली तरी तो कचऱ्यात. गोंद लावून वापरायची ती गोष्टच नव्हे.

ट्रान्समीटरमध्ये पाच-सात विमानांच्या नोंदी असतात. समोर एक विमान आणि पडद्यावर दुसरंच निवडलेलं असणं, हा या छंदातला सर्वांत स्वस्त निष्काळजीपणा आणि सर्वांत महाग अपघात. म्हणून दर उड्डाणाआधी मागे उभं राहून बघायचं: स्टिक उजवीकडे, तर उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) वर. स्टिक स्वतःकडे, तर एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) वर. ‘हललं ना, मग झालं’ असं म्हणू नका. उलटं लावलेलंही हलतंच. रेंज-चेकची, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमजोर करून तपासायची, सोय असेल तर ती चालू करून तीस पावलं मागे जायचं आणि सगळं नीट हलतंय का पाहायचं. लांबून तुम्ही वेडे दिसता, पण ते एवी-तेवी दिसताच.

आता प्रेक्षक. आपल्याकडे मोकळं मैदान म्हणजे चार क्रिकेट संघ, दोन म्हशी आणि एक पतंग असं धरून चालावं. पतंगाचा मांजा पंख्यात गुंतला तर विमानही जातं आणि पतंगवाल्याशी मैत्रीही, तेव्हा संक्रांतीच्या आसपास घरी बसून बॅटरीची सेवा करावी. पोरांना पाठीमागे, एका रेषेत उभं करायचं. त्यांचे प्रश्न ठरलेले: काका, किती लांब जातं? कॅमेरा आहे का? कितीला पडलं? हा ड्रोन आहे का? शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की २०२१च्या ड्रोन नियमांत आपलं विमानही बसतं, त्यामुळे ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात हिरवा पट्टा बघायचा आणि तिथेही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. पण हे सगळं विमान उतरवताना सांगत बसलात, तर ‘कितीला पडलं’चा अर्थ बदलतो.

विमान हातातून फेकताना वाऱ्याच्या तोंडावर, नाक क्षितिजाला समांतर ठेवून, भाला सोडावा तसं. कैरी पाडायला दगड मारावा तसं वर फेकलं की ते वेग गमावून पंखावर कलंडतं. वर गेल्यावर सगळं सोपं, जोवर ते आपल्यापासून दूर जातंय. तुमच्याकडे वळलं की त्याचा डावा तुमचा उजवा होतो, आणि आयुष्यभर न चुकलेला माणूस उजवीकडे वळवायला जाऊन डावीकडच्या बाभळीत शिरतो. याला एकच तोड: विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकेल, स्टिक त्याच बाजूला न्यायची, जणू त्याला खालून टेकू देतोय.

दुसरी खोड उतरताना. विमान बसायला लागलं की हात आपोआप एलिव्हेटर ओढतो. नाक वर, वेग खलास, एक पंख गळतो आणि उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. ओढायचं नसतं, नाक खाली सोडून थोडं थ्रॉटल द्यायचं. वाऱ्यासोबत जाताना विमान जमिनीवरून पळतंय असं दिसतं, म्हणून माणूस थ्रॉटल कमी करतो. पंखाला मात्र तुमची जमीन कळत नाही, त्याला फक्त हवा कळते. घार मागे लागली तरी शौर्य दाखवू नये. आकाश तिचं आहे, मुकाट खाली यावं.

झाडात अडकलं तर पहिलं काम थ्रॉटल शून्य. अडलेला पंखा फिरवत राहिलात तर मोटर नाही तर तिचा वेग सांभाळणारी ईएससी जळते. मग आंबे काढायचा झेला मिळवायचा, दगड मारायचे नाहीत. झुडपात दिसेनासं झालं असेल तर ट्रान्समीटर चालू ठेवूनच शोधायचं. थ्रॉटल सोडून बाकीच्या स्टिक हलवल्या की झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींची, म्हणजे सर्व्होंची, कुरकुर ऐकू येते, ती ऐकत जायचं. सापडल्यावर बॅटरी काढून अर्धा तास मोकळ्यावर, गवतापासून दूर ठेवायची. मार खाल्लेली लायपो उशिराही पेटते.

घरी दुरुस्तीचं खातं उघडतं. थर्मोकोलला साधा फेव्हिक्विकसारखा गोंद लावू नये, तो थर्मोकोल खातो आणि भेगेचं भगदाड होतं, तिथे इपॉक्सी. ईपीओ या चिवट फोमला मात्र फेव्हिक्विक चालतं. प्रत्येक स्क्रू पाहावा, कारण मोटरची थरथर ते गुपचूप सैल करते. गॅलरी भरली म्हणून कोणी बोललंच तर मी कांदिवलीचा दाखला देतो: तिथे कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्या मानाने आपला पसारा अगदीच सोज्वळ.

चेपलेलं ईपीओचं नाक मात्र कापू नका. उकळतं पाणी पातेल्यात घ्यायचं, मोटर आणि तारा काढून नाक मिनिटभर बुडवायचं, फोम पुरीसारखा फुगून वर येतो. पातेलं नंतर दोनदा घासून जागेवर ठेवलं तरी त्यातला चहा घरात कोणी पीत नाही.