दोन दिवसांच्या मधले ११ तास

आठवड्याला किती तास काम करावं, हा वाद आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटला आणि अजून विझलेला नाही. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं, असं नारायण मूर्ती म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या एस. एन. सुब्रमण्यन यांचं ९० तासांचं विधान गाजलं. या दोन्हींच्या मधे पुण्यातल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला आणि कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलपासून मोकळं राहण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडलं.

मूर्तींनी दाखला दिला होता जर्मनी आणि जपानचा. दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन देशांतल्या लोकांनी असंच राबून देश उभा केला, असं त्यांचं म्हणणं. मी गेली बरीच वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये नोकरी करते. इथल्या कारखान्यांचा इतिहास इथे राहून आपोआप कानावर पडतो, त्यामुळे या दाखल्याबद्दल बोलणं मला भाग आहे.

पश्चिम जर्मनीने युद्धानंतर खूप काम केलं हे खरंच. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर तिथला आठवडा साधारण ४८ तासांचा होता, सहा दिवसांचा. पण देशाची चढती कमान चालू होती त्याच काळात कामगार संघटनांनी विश्रांतीची मागणी लावून धरली. १९५६ च्या कामगार दिनी त्यांच्या भित्तिपत्रकावर एक लहान मुलगा होता आणि घोषणा होती, ‘शनिवारी बाबा माझे’. त्याच ऑक्टोबरमध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन या उत्तरेकडच्या राज्यातले धातू आणि जहाजबांधणी कामगार संपावर गेले. आजारपणातही पगार मिळाला पाहिजे, ही त्यांची मुख्य मागणी. ऐन हिवाळ्यात १६ आठवडे संप चालला. आज मी आजारी पडले तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, त्याची मुळं तिथे आहेत. पुढे १९६३ मध्ये किमान वार्षिक रजेचा कायदा आला, साठच्या दशकात ४० तासांचा आठवडा रुजला आणि १९८४ मध्ये ३५ तासांसाठी मोठा संप झाला तो मी राहते त्याच भागातल्या कारखान्यांत. समृद्धी आधी आली आणि मग सवडीने विश्रांती वाटली गेली, असं इथे झालेलं नाही. दोन्ही बरोबरीने आल्या, आणि दुसरी भांडून मिळवावी लागली.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १० जून १८९० रोजी. जर्मनीत कारखान्यांतल्या रविवारच्या कामावर कायद्याने बंधन आलं ते १८९१ मध्ये. म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षी. आणि १९४६ मध्ये आपल्याकडे कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत असताना. ज्या मराठी मुलखात ही परंपरा आहे तिथे आज विश्रांती मागणाऱ्याला आळशी म्हटलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येते. ७० की ९० की ४८, या आकड्यांच्या भांडणात शरीराचा प्रश्न बाजूलाच पडतो. आकडा महत्त्वाचा आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. पण मला त्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो तो काम संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतचा अखंड वेळ. शरीराची दुरुस्ती होते ती त्या वेळात.

पुण्यात हिंजवडीला माझा धाकटा भाऊ नोकरीला आहे. अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबर रात्री साडेनऊला कॉल सुरू होतो, संपायला साडेबारा होतात, आणि सकाळी साडेनऊला इथल्या टीमची बैठक. मागे त्याला डोकेदुखीचा त्रास होऊ लागला तेव्हा डॉक्टरांनी २४ तास रक्तदाब मोजणारं यंत्र लावलं. दंडाला पट्टा, कमरेला छोटी डबी, ठरावीक वेळाने पट्टा आपोआप फुगतो आणि आकडा नोंदवतो, झोपेतसुद्धा. त्या आलेखाचा फोटो त्याने मला पाठवला. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्के खाली येतो. त्याची रेघ रात्री एकला खाली यायला हवी होती, ती तीन वाजून गेले तरी वरच. साडेतीनच्या सुमारास जरा उतरली, आणि साडेसहाला गजर होताच परत चढली. चोवीस तासांत त्याच्या रक्तवाहिन्यांना मिळालेली उसंत एवढीच.

रात्री न उतरणारा रक्तदाब हा हृदयाच्या आणि मेंदूच्या विकारांचा धोका वाढवतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. ताणाखाली अॅड्रेनलिन हे संप्रेरक काही सेकंदांत वाढतं, कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक त्यामागून. कॉर्टिसॉलची स्वतःची दैनंदिन लय आहे: पहाटे-सकाळी वर, रात्री अगदी खाली. रात्री अकराला कोणी कामाचा जाब विचारला की ही लय मोडते. रक्तातली साखर वाढते, झोप उथळ होते, दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि ती गोड-तेलकट खाण्याचीच. फोन वाजला नाही, फक्त वाजेल अशी धास्ती असली, तरी शरीर तयारीतच राहतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्यांना आपण भात कमी करा, चाला, असं सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण रात्री किती वाजता काम संपतं, हे त्यांना कोण विचारतं?

डॉक्टरांनी भावाला गोळी दिली आणि म्हणाले, “टेन्शन घेऊ नका, योगासनं करा.” तो मला फोनवर म्हणाला, “ताई, सकाळी उठून प्राणायाम करतो गं मी. पण कॉल रात्रीचाच आहे, त्याला मी काय करू सांग.”

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही. जर्मनीत १९९४ चा कामाच्या वेळेचा कायदा आहे. दिवसाला ८ तास, गरजेनुसार १० पर्यंत, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. रुग्णालयांसारखे काही अपवाद सोडले तर ११ तासांच्या विश्रांतीचा हा नियम युरोपीय संघभर आहे. भावाला तो लागू असता तर साडेबाराला कॉल संपल्यावर सकाळी साडेअकराच्या आधी त्याला कोणी बैठकीला बोलावू शकलं नसतं. कॉल रात्रीचाच राहिला असता, ग्राहकही तोच. फक्त सकाळची बैठक सरकली असती. मला वाटतं, आपल्या वादात कुणीतरी हे एवढं साधं गणित मांडायला हवं.

जपानबद्दलही थोडं. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी तिथे वेगळा शब्द रूढ झाला, नुकसानभरपाईची व्यवस्था उभी राहिली, आणि शेवटी एप्रिल २०१९ पासून दोन दिवसांच्या कामात पुरेसं अंतर ठेवण्याचा प्रयत्न करणं ही मालकांची जबाबदारी झाली. म्हणजे मूर्तींनी दिलेल्या दोन्ही उदाहरणांचा प्रवास आज त्यांच्या सल्ल्याच्या उलट दिशेने चालू आहे.

आजारपणाचंच बघा. दोन वर्षांपूर्वी मला पाठीच्या दुखण्याने उठणं-बसणं अशक्य झालं. फॅमिली डॉक्टरने तपासलं आणि दोन आठवड्यांची रजा लिहून दिली. ते प्रमाणपत्र आता इथे कंपनी विमा संस्थेकडून थेट संगणकावर घेते आणि त्यात आजाराचं नाव नसतं. माझ्या साहेबाने एका ओळीचा निरोप पाठवला, लवकर बरी हो. काय झालंय, घरून थोडं बघता येईल का, यातलं काही त्याने विचारलं नाही. माझं काम एका सहकाऱ्याकडे गेलं होतं. परत आले तेव्हा ते वाट बघत साचलेलं नव्हतं, आणि माझ्या मते पाठ बरी होण्यात या गोष्टीचा वाटा औषधाइतकाच होता. पुण्यात आणि नाशिकमध्ये माझ्या किती मैत्रिणी ताप असताना लॅपटॉप उशाशी घेऊन झोपतात, ते मला माहीत आहे.

जर्मनीत सगळं छान आहे असं मात्र मुळीच नाही. मन थकलेल्या माणसाला इथे मानसोपचाराची वेळ मिळायला कित्येक महिने लागतात. हृदयरोगतज्ज्ञाची वेळही लवकर मिळत नाही. पुण्यात सकाळी रक्त दिलं तर संध्याकाळी अहवाल हातात येतो आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर भेटतो, अर्थात खिशात पैसे असले तर. नोव्हेंबरपासून इथे साडेचार-पाचला अंधार होतो, आणि घरी येऊन दार लावलं की ते सकाळपर्यंत कुणी वाजवत नाही. कायद्याने दिलेले ते ११ तास एकट्याने घालवणं हाही एक ताणच आहे. माझ्या ओळखीतल्या मराठी घरांत पहिल्या दोन हिवाळ्यांत कुणी ना कुणी यातून गेलेलं आहे. शेजारीण डबा घेऊन येते, मावशी न सांगता उगवते, याने रक्तदाब किती उतरतो हे मोजलं जात नाही, पण तो उतरतो यावर माझा विश्वास आहे.

शिवाय इथेही वाद चालू आहेत. २०२५ मध्ये आलेल्या सरकारने दिवसाची मर्यादा काढून फक्त आठवड्याची ठेवायचं आपल्या युतीच्या करारात लिहिलं आहे. कामगार संघटना विरोधात आहेत. ११ तासांची विश्रांती आणि मधली सुट्टी वजा केली तरी मग दिवसाला सव्वाबारा तास काम करून घेता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. नोकरदार आजारपणाच्या रजा फार घेतात, अशी ओरडही रोज वाचायला मिळते. आणि कायदा सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही, हेही खरं. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांचं सगळं करणाऱ्या पूर्व युरोपातल्या बायका रात्रीबेरात्री उठतात. घरात नुसतं हजर राहून वाट बघायची वेळही कामाचीच आहे आणि तिचं किमान वेतन द्यावं लागेल, हे २०२१ मध्ये सर्वोच्च कामगार न्यायालयाने एका बल्गेरियन बाईच्या खटल्यात सांगितलं. तोवर ती वेळ बहुतेक ठिकाणी हिशेबातच धरली जात नव्हती.

महाराष्ट्राच्या १२ तासांच्या निर्णयाकडे मी याच नजरेने बघते. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट दर आहे, कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगितलं जातं. संमती नाकारल्यावर त्या कामगाराचं काय होतं, हे कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांना माहीत असतं. १२ तास काम, येण्याजाण्याचे तीन तास, उरले नऊ. आता ती कामगार बाई असेल तर? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत भारतातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आहे, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. नोकरी करणारीचं घरकाम थोडं कमी धरलं, तरी तिच्या वाट्याला झोप किती येते ते प्रत्येकाने आपल्या घरात मोजून बघावं. ७० तासांच्या चर्चेत हे घरचे तास कुणीच मोजत नाही. मूर्तींच्या आकड्याला माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. त्या ७० तासांमागे घरी कुणीतरी दुसरं राबतं आहे.

योगासनं, चालणं, वेळेवर जेवण यांची किंमत मी कमी करत नाही. तिशीनंतर घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवा आणि महिन्यातून दोनदा मोजा, असं मी भेटेल त्याला सांगते. इथल्या सरकारी आरोग्य विमा संस्था योगवर्गाच्या शुल्कातला बराच भाग परत देतात आणि मी त्याचा लाभ घेते. पण संध्याकाळी सहाच्या त्या वर्गाला मी जाऊ शकते, कारण सहा वाजता मला कुणी कामासाठी बोलवत नाही. वर्ग पुण्यातही आहेत, आणि शिक्षक इथल्यापेक्षा कितीतरी चांगले.

सुप्रिया सुळे यांचं विधेयक खासगी आहे, आणि अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात. तेवढ्यावर थांबायची गरज नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की प्रत्येक कर्मचाऱ्याने रोज किती काम केलं याची नोंद मालकाने ठेवलीच पाहिजे, नाहीतर विश्रांतीचा हक्क कागदावरच राहतो. महाराष्ट्रातल्या कार्यालयांनी रात्रीचा कॉल हजेरीत काम म्हणून लिहायला सुरुवात केली तरी पुष्कळ होईल. तो किती वाजता संपला हे एकदा लिहिलं गेलं, की सकाळची बैठक साडेनऊला का, हा प्रश्न भावासारख्या माणसाला एकट्याने विचारावा लागणार नाही.