युनिकोडने जपानी लिपी बिघडवली का?

“पाश्चात्त्य कंपन्यांनी युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी कांजी अक्षरं एकत्र कोंबली, जपानी मजकुराची जागा दीडपट केली, त्यापेक्षा जुनं शिफ्ट-जिस चांगलं होतं.” संगणकवाल्यांच्या गप्पांत हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात खरं आहे ते थोडंच. (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारं मानक; कांजी म्हणजे जपानीत वापरली जाणारी मूळ चिनी अक्षरं; शिफ्ट-जिस म्हणजे संगणकात जपानी मजकूर साठवायची जुनी पद्धत.)

आधी कोंबाकोंबीचं बघू. वळणात किरकोळ फरक असला तरी अक्षर एकच धरायचं, ही रीत संगणकातल्या अक्षरांसाठीच्या जपानच्या १९७८ च्या राष्ट्रीय मानकातही होती. त्यात ६,३४९ कांजी होत्या. १९८३ च्या आवृत्तीने तर कहर केला. लेखक मोरी ओगाई यांच्या नावात कुरव पक्ष्याचं अक्षर येतं. त्यातल्या चौकटीत तीन छोटे चौकोन असतात. मानकाने त्याच क्रमांकावर चौकटीत नुसती फुली असलेलं सुटसुटीत रूप बसवलं. म्हणजे ओगाईंचं नाव त्यांच्या पद्धतीने लिहायची सोय घरच्याच मानकाने काढून घेतली. युनिकोडमध्ये दोन्ही रूपं स्वतंत्र आहेत!

एकत्रीकरणाच्या कामात चीन, जपान, कोरियाचे तज्ज्ञ होतेच. शिवाय नियम असा ठरला, की मूळ राष्ट्रीय मानकात वेगळी असलेली अक्षरं युनिकोडमध्येही वेगळीच राहतील. म्हणून ‘तलवार’ या अर्थाच्या अक्षराची जपानी मानकातली सहा रूपं युनिकोडमध्येही सहाच आहेत.

आता खरा भाग. ‘हाड’ या अर्थाच्या अक्षरात आतला छोटा कोपरा जपानी वळणात उजवीकडे असतो, चीनमधल्या वळणात डावीकडे, आणि संकेतांक मात्र एकच. पानाची भाषा जपानी असल्याचं सांगितलं नसेल, तर फोन चिनी फॉन्ट उचलू शकतो. जपानी वाचकाला ते खटकतं आणि खटकणारच. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी मजकुरात आले की आपल्यालाही खटकतात. तिथेही संकेतांक एकच आहे. उपाय म्हणजे भाषा नोंदवणं आणि योग्य फॉन्ट देणं.

जागेचा हिशेब कागदावर बरोबर आहे: कांजीला शिफ्ट-जिसमध्ये दोन बाइट (साठवणीचं एकक), यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रूढ पद्धतीत तीन. देवनागरीलाही तीनच लागतात. पण वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या खुणांतलं (टॅगमधलं) एकेक अक्षर एकाच बाइटचं असतं आणि पान बहुधा आकुंचित करूनच पाठवलं जातं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक बराच कमी उरतो.

आणि शिफ्ट-जिसचा सुवर्णकाळ? काताकाना या जपानी उच्चारलिपीतल्या ‘सो’चा दुसरा बाइट हाच बॅकस्लॅशचा (\) बाइट, आणि प्रोग्रॅमांच्या लेखी बॅकस्लॅशला खास अर्थ असतो. बेसावध प्रोग्रॅम तिथेच अडखळत, फाइलच्या नावात ‘सो’ आला की गोंधळ. ईमेलला अक्षरं साठवायची वेगळी पद्धत, युनिक्स या संगणकप्रणालीवर आणखी वेगळी. विंडोजवर वर्तुळातला १ टाइप करून पाठवला की मॅकवर त्या जागी कंसात रविवारचं अक्षर उमटे, आणि तेव्हा दोन्ही यंत्रं शिफ्ट-जिसच वाचत असत.